एकोणिसावी स्लाइड

सकाळचे दहा वाजून गेले होते आणि ठकू एकदम खुशीत होती. ठकू म्हणजे कुणी शाळकरी पोरगी नव्हे हं. चांगली सदतीस वर्षांची, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई. पण मामाने लहानपणी एकदा ठकू म्हटलं ते कायमचं चिकटलं, आता सुटायचं नाव नाही.

तिचा धंदा असा, की लोकांनी वर्गात शिकवायला केलेल्या स्लाइड्स घ्यायच्या आणि त्यांचा ऑनलाइन कोर्स करायचा, म्हणजे ज्याला त्याला आपल्या सवडीने, एकट्याने, स्क्रीनवर शिकता यावं. ऐकायला सोपं वाटतं. निम्मी दुनिया काय करते? स्लाइड्स उचलते, जशाच्या तशा इंटरनेटवर आदळते आणि त्याला कोर्स म्हणते. ठकूला असल्या कोर्सांचा मनापासून तिटकारा. ती मजकूर छाटायची, चित्रं घालायची, मध्येमध्ये प्रश्न विचारायची, आणि आवाज स्वतःचाच द्यायची. कपड्यांच्या कपाटात, रजयांच्या मधोमध माइक धरून बसायची, कारण तिथे रस्त्याचा गोंगाट पोचत नाही. तिचा एक नियम होता. ज्याच्या स्लाइड्स असतील त्याला समोर बसवून विचारायचं, की ही स्लाइड पडद्यावर असताना तुम्ही वर्गात काय करता? कारण स्लाइडवर असतं त्याच्या दुप्पट माणूस तोंडाने सांगतो आणि हातवाऱ्यांनी दाखवतो.

हा नियम तिने आजवर एकदाच मोडला होता, आणि तोही नेमका घरच्या माणसाच्या बाबतीत.

मामा एकतीस वर्षं एका कारखान्यात सुरक्षेचे वर्ग घ्यायचा. तिथे सांडपाण्याच्या भल्यामोठ्या बंद टाक्या होत्या. वर्षातून दोनदा एकेक टाकी रिकामी करायची, माणसाने शिडीने आत उतरायचं आणि तळाचा गाळ खरवडून काढायचा. या गाळातून वायू सुटतो आणि खालीच दबा धरून बसतो. माणूस उतरला की दोन श्वासांत आडवा, ओरडायलाही सवड मिळत नाही. एकतीस वर्षांत मामाकडे शिकलेला एकही माणूस टाकीत दगावला नव्हता. मामा या गोष्टीबद्दल कधी बढाई मारायचा नाही, पण विसरूही द्यायचा नाही.

मग मागच्या वर्षी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. गेला म्हणजे साफच गेला. बोलण्यावर जगलेला माणूस गळ्यावर रुमाल बांधून, हातात पाटी घेऊन ठकूच्या मागच्या खोलीत येऊन राहिला. कारखान्याने त्याला हार घातला, घड्याळ दिलं आणि त्याच्या बेचाळीस स्लाइड्स ठेवून घेतल्या. त्यांचा ऑनलाइन कोर्स करायचं काम ठकूलाच मिळालं. तिला वाटलं, मामाला बरं वाटेल. कसलं काय! मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने पहिल्या दिवशी वही घेऊन विचारलं, "मामा, सांग ना, कुठल्या स्लाइडला तू काय करायचास?" तर त्याने पाटीवर लिहिलं, स्लाइडवर सगळं आहे. दुसऱ्या दिवशी विचारलं तर पाटीच कोपऱ्यात भिरकावली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही. म्हातारा रुसलाय, जाऊ दे, असं म्हणून ती कामाला लागली. कारखान्याच्या ऑफिसातल्या दोघांनी कोर्स तपासला. त्यांनी दोन चुका काढल्या. एक म्हणजे कंपनीचं बोधचिन्ह लहान दिसतंय, आणि दुसरी म्हणजे निळा रंग जरा गडद हवा.

तर आज पहिला अहवाल आला होता. नऊ जणांनी कोर्स केला होता, आठ नवे आणि एक जुना, आणि नऊच्या नऊ जण शंभर टक्के गुणांनी पास. सोबत सुपरवायझरचा निरोप होता, "मॅडम, झकास काम. तुमच्या कोर्सवर शिकलेल्या टोळीचं पहिलंच काम आज. अकरा वाजता सात नंबरची टाकी उघडतोय." हा सुपरवायझर कारखान्यात चार महिन्यांपूर्वी आलेला. तोही टाकीचं काम ठकूच्याच कोर्सवरून शिकला होता.

ठकू लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत गेली. मामा दाढी करत होता.

"ए मामा, रुसवा पुरे झाला. हे बघ तरी! तुझे सगळे पास. आणि ही गंमत बघ. हा एक जुना माणूस आहे, नंबर चार हजार एकशे सत्तावीस. सातव्या प्रश्नाला पाच वेळा चुकला. पाचही वेळा तेच उत्तर! काय हट्टी आहे ना? पण माझ्या कोर्सने सोडलाच नाही त्याला. सहाव्यांदा बरोबर लिहूनच घेतलं!"

मामाच्या अर्ध्या गालावर साबण होता. त्याने भुवया वर करून विचारलं, कुठला प्रश्न?

ठकूने प्रश्न उघडला. टाकीतली हवा कधी तपासाल? खाली तीन उत्तरं होती. उतरण्याआधी, वरून दोरीने मीटर सोडून. तळाशी पोचल्यावर. काम संपल्यावर. हिरवी खूण दुसऱ्या उत्तरापुढे होती.

मामाच्या हातातला वस्तरा खाली पडला. त्याने तोंड उघडलं. गळ्यातल्या भोकातून नुसती हवा फसफसली आणि रुमाल थरथरला. मग त्याने मूठ आवळून टेबलावर एवढ्या जोरात हाणली, की पाण्याचा मग कलंडला.

"अरे, काय झालं? तुझ्याच स्लाइडवर आहे हे! एकोणीस नंबर!" ठकूने ती स्लाइडही उघडून दाखवली. झाकण उघडा. दहा मिनिटं पंखा लावा. मीटर घेऊन खाली उतरा. तळाशी हवा तपासा. बेचाळीस स्लाइड्समध्ये ही एकच बिनचित्राची होती. ठकूला ती फार कोरडी वाटली, म्हणून तिने खपून चित्र काढलं होतं. पिवळ्या टोपीतला हसरा माणूस, हातात मीटर घेऊन टुणटुण शिडी उतरणारा.

मामाने पाटी ओढली. पेन्सिल मोडली, दुसरी घेतली. लिहिलं, चूक आहे. मुद्दाम.

"मुद्दाम म्हणजे?"

त्याने बाहीने पाटी पुसली. मी गप्प बसायचो. कुणी उठून चूक म्हणेपर्यंत.

ठकूला कळायला दोन क्षण लागले. ही स्लाइड शिकवण्यासाठी नव्हतीच. हा सापळा होता. मामा ती पडद्यावर लावायचा, खुर्चीत बसायचा आणि तोंडाला कुलूप घालायचा. वर्गातल्या एकाने उठून, "साहेब, हे चुकतंय, यात माणूस मरेल," असं म्हणेपर्यंत पुढची स्लाइड नाही आणि कुणाला चहाही नाही. साहेबाच्या तोंडावर चूक म्हणायला माणूस शिकला पाहिजे, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप होता. आणि तिने ती चूक उचलली, सजवली, तिला गोड आवाज दिला आणि जो बरोबर सांगत होता त्यालाच पाच वेळा नापास केलं!

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

तिने सुपरवायझरला फोन लावला. रिंग वाजत राहिली. वाजणारच. टाकीजवळ ठिणगी नको म्हणून सगळ्यांचे फोन गेटवरच्या खणात कुलूपबंद असतात आणि आत फक्त ठिणगी न उडणारे रेडिओ चालतात, हे तिनेच कोर्सच्या चौथ्या मिनिटाला सांगितलेलं. तिने ऑफिसला लावला.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," पलीकडची बाई म्हणाली. "आपण मेल टाका ना."

"अहो, मेल काय टाका! तिकडे माणूस मरेल! गेटवर निरोप द्या, टाकीचं काम थांबवा म्हणावं."

"मॅडम, ते आमच्याकडे येत नाही. ते सुरक्षा विभागाकडे येतं. मी जोडून देते." आणि तिने जोडून दिलं ते थेट गाण्याला. गाणं वाजत राहिलं. ठकूने फोनला एक सणसणीत शिवी हासडली आणि चपला पायांत सरकवल्या. मामा तसाच, अर्ध्या गालावर साबण घेऊन तिच्या पुढे जिना उतरत होता.

टॅक्सी लगेच मिळाली हे नशीब. कारखाना एरवी वीस मिनिटांवर. पण मोठा रस्ता पाइप टाकायला उकरून ठेवलेला, आणि एकाच बाजूने दोन्हीकडची वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकत होती. टॅक्सीवाला आरशातून म्हाताऱ्याकडे बघत होता.

"दवाखान्यात का?" त्याने विचारलं.

"नाही हो, कारखान्यात. जमेल तितकं पळवा."

"पळवू कुठे, ताई? डोक्यावरून नेऊ का या सगळ्यांच्या?"

ठकूच्या रागाला आता वाट हवी होती आणि मामा शेजारीच बसला होता.

"एक शब्द लिहिला असतास तर काय बिघडलं असतं? एक शब्द! एकोणीस नंबर चूक, बस! पण नाही. तुझा मान! तुझा रुसवा!"

मामाने पाटीवर खसाखसा लिहिलं. विचारलं नाहीस.

"विचारलं नाही? दोनदा विचारलं! पाटी भिरकावलीस तू!"

त्याने पुसलं. तिसऱ्यांदा विचारायचं होतं.

हे वाचून ठकूला त्याचा गळाच धरावासा वाटला. आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं, की तो खरं लिहितोय. दुसरा कुणी असता तर तिने दहादा विचारलं असतं, डोकं खाल्लं असतं त्याचं. मामाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते साबणात मिसळून हनुवटीवर उतरत होतं. तिने ओढणीने त्याचा गाल पुसला. त्याने तोंड फिरवलं नाही. दहा वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती.

ते गेटवर पोचले तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती. काचेच्या खोलीत एक गेटवाला बसला होता, कडक इस्त्रीचा आणि त्याहून कडक चेहऱ्याचा. नवीन असावा, मामाला त्याने ओळखलं नाही.

"सात नंबरच्या टाकीचं काम थांबवा," ठकू धापा टाकत म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. तुमच्याकडे रेडिओ आहे ना? सुपरवायझरला सांगा, कुणालाही उतरवू नका."

"आपण कोण?"

"मी... मी बाहेरची आहे. पण माझं ऐका."

"बाहेरचे सगळे असंच म्हणतात." त्याने शांतपणे एक टॅब्लेट पुढे सरकवला. "आधी पाहुण्यांचा सुरक्षा कोर्स करा. आठ मिनिटांचा आहे. त्याशिवाय आमचं यंत्र आपली नोंदच घेत नाही, आणि नोंद नसलेल्या माणसाचा निरोप मला आत देता येत नाही. नियम आहे."

"अहो, आठ मिनिटं कुठून आणू?"

"पळवता येत नाही तो. पुढे ढकलून बघितलं लोकांनी. ज्याने केलाय त्याने पक्का बंदोबस्त केलाय."

बंदोबस्त तिनेच केला होता! लोक न ऐकता शेवटाला उडी मारतात म्हणून तिनेच ती वाट बुजवली होती आणि तेव्हा स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

मामाने पाटी काचेवर आपटली. तिच्यावर लिहिलं होतं, माणूस मरेल.

"आजोबा, काच फुटेल," गेटवाला म्हणाला, पण त्याचा आवाज जरा बदलला होता. त्याने टॅब्लेटवर बोट लावलं. कोर्स सुरू झाला. आनंदी, मोकळा आवाज खोलीत घुमला, "नमस्कार! आपल्या कारखान्यात आपलं स्वागत. इथून सुखरूप घरी परतायचं, एवढं एकच काम आज आपल्याला करायचं आहे..."

गेटवाला थबकला. त्याने टॅब्लेटकडे पाहिलं, मग ठकूकडे.

"हा आवाज... रोज पंचवीस वेळा ऐकतो मी हा. अहो, हा तुमचाच की!"

"माझाच. आतल्या माणसांचा कोर्सही माझाच आहे. आणि तो चुकलाय. मी त्यांना चुकीचं शिकवलंय. द्या हो तो रेडिओ, पाया पडते तुमच्या!"

नियमाचा माणूस होता तो, पण दगड नव्हता. त्याने एकदा मामाकडे पाहिलं आणि रेडिओ तिच्या हातात दिला.

"हॅलो, सात नंबर! टाकीचं काम थांबवा!"

खरखर झाली. मग सुपरवायझरचा आवाज आला, उत्साही, तरणाताठा. "गेट, कोण बोलतंय? काम अगदी क्रमाने चाललंय. झाकण उघडलं, दहा मिनिटं पंखा झाला. बाकीचं लवकर आटोपलं म्हणून वीस मिनिटं आधीच सुरू केलं. माणूस मीटर घेऊन उतरतोय."

"कुठवर उतरलाय?"

"अर्ध्या शिडीवर असेल. का?"

"वर घ्या त्याला! क्रम चुकीचा आहे. उतरण्याआधी वरून दोरीने मीटर सोडायचा असतो."

"मॅडम, कोर्समध्ये तर..." तो घुटमळला. "आम्ही सगळे शंभर टक्के पास आहोत."

"मीच बनवलाय तो कोर्स! चूक माझी आहे. माझी, कळलं?"

कारखान्यातले सगळे रेडिओ एकाच चॅनेलवर असतात. बॉयलरवाले, गोदामवाले, ऑफिसवाले, सगळ्यांनी ते ऐकलं असणार. यापुढे या कारखान्याचं काम तर गेलंच, दुसरं मिळेल का तेही देव जाणे. ठकूला या क्षणी त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"मी हाका मारतोय," सुपरवायझर म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता. "पण पंखा चालू आहे, त्याला नीट ऐकू जात नाहीये. तो हात करतोय, म्हणतोय क्रमाप्रमाणेच करतोय. थांबायला तयार नाही."

"कोण आहे तो? नंबर काय त्याचा?"

"चार हजार एकशे सत्तावीस."

मामाने तिचा दंड गच्च धरला.

"पंखा बंद करा," ती म्हणाली. "रेडिओचा आवाज पूर्ण मोठा करा आणि टाकीच्या तोंडाशी धरा. लवकर!"

पलीकडची घरघर थांबली. लोखंडावर काहीतरी खणकन वाजलं.

"चार हजार एकशे सत्तावीस," ठकू म्हणाली. तिने एकेक शब्द सुटा उच्चारला. "कोर्समधली बाई बोलतेय. सातव्या प्रश्नाला तुम्ही पहिल्यांदा दिलेलं उत्तर बरोबर होतं. पाचही वेळा तुम्हीच बरोबर होतात. मी चुकले. आहात तिथून वर या."

काहीच ऐकू येईना. गेटवाल्याने टोपी काढून हातात धरली होती. मामाचे ओठ हलत होते, आकडे मोजावेत तसे. एक, दोन, तीन. ठकूने डोळे मिटून घेतले. मग रेडिओतून टण् असा बारीक आवाज आला. पुन्हा टण्. शिडीच्या पायरीवर बुटाचा आवाज.

"चढतोय," सुपरवायझर ओरडला. "चढतोय मॅडम, चढतोय!"

गेटवाल्याने फाटक उघडलं आणि कुणाची नोंद न करता दोघांना आत सोडलं. ते टाकीजवळ पोचले तेव्हा टोळी गोल करून उभी होती आणि सुपरवायझर दोरीला मीटर बांधत होता. त्याच्या हातांना गाठ जमेना. मामाने पुढे होऊन ती मारली आणि मीटर टाकीत सोडला. शिडीच्या मध्यापर्यंत मीटर गप्प होता. आणखी दोन पायऱ्या खाली गेला आणि किंचाळायला लागला. तळ अजून बराच खाली होता. मामाने दोरी ओढून घेतली. टोळीतल्या एका नव्या माणसाने कपाळावर हात मारला आणि बाजूला जाऊन ओकला.

चार हजार एकशे सत्तावीस उपड्या बादलीवर बसला होता. साठीला टेकलेला, आडव्या हाडांचा माणूस, कापडी मास्क गळ्यात लोंबत होता. मामाला बघून तो धडपडत उठला. मामाने त्याची गचांडी धरली, मग सोडली, मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. आणि मग राग आवरेना म्हणून पाटी उचलून लिहिलं, बोलला का नाहीस?

"बोललो की मास्तर," तो म्हणाला. "पाच वेळा बोललो. तुमच्या वर्गात मीच उठायचो, आठवतंय ना? मी चूक म्हटलं की तुम्ही खुर्चीवरून उठून हात मिळवायचात. मला वाटलं, हेही तसलंच असेल. एकदा चूक म्हटलं, दोनदा म्हटलं. आता थांबेल, मग थांबेल. कुणी थांबेचना. सहाव्यांदा मनात आलं, आपणच म्हातारे झालो, आपल्यालाच आठवत नाही नीट. पोरं सगळी एका फटक्यात पास आणि मी एकटाच अडलेला. लाज वाटली हो."

ठकूला त्याच्याकडे बघवेना, पण तिने नजर खाली घातली नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुमचा जीव गेला असता."

तो तिच्याकडे बघत राहिला. आवाज ओळखीचा आणि चेहरा अनोळखी, असं बघत.

"तुम्ही रागावून सांगितलं असतंत ना, ताई, तर मी भांडलो असतो," तो म्हणाला. "पण प्रत्येक वेळी तुम्ही किती गोड म्हणायचात, 'हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करा.'"